कारच्या रिमोट चावीचा सेल कसा बदलावा?

कारच्या रिमोट चावीत नाण्याच्या आकाराचा एक चपटा सेल असतो. तो संपला की बटण दाबूनही दार उघडत नाही, आणि बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत ‘चावी सापडत नाही’ अशा अर्थाची सूचना डॅशबोर्डवर झळकते. गाडीच बिघडली असे वाटून अनेक जण मेकॅनिकला फोन लावतात. प्रत्यक्षात हा सेल साधारणपणे शंभर रुपयांच्या आत मिळतो, तो बदलायला पाच-दहा मिनिटे लागतात, आणि सेल पूर्ण संपलेला असतानाही बहुतेक गाड्या उघडता व सुरू करता येतात. त्यासाठी आपल्या चावीची रचना आधीच ठाऊक असावी लागते. सेल बदलण्याच्या या छोट्या कामात खरा धोका वेगळाच आहे. तो आहे काढून ठेवलेल्या जुन्या सेलचा, तेही घरात लहान मूल असेल तर.

सेल नेमके कोणते काम करतो?

दूरवरून कुलूप उघडणारी चावी मोटारींत पहिल्यांदा आली ती १९८२ मध्ये, रेनो कंपनीच्या फ्युएगो या गाडीत. पॉल लिपशुट्झ या संशोधकाच्या नावावरून फ्रान्समध्ये तिला ‘प्लिप’ म्हणू लागले. आजच्या चाव्या रेडिओ लहरींवर चालतात. भारतातील बहुतेक चाव्या ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या आसपास संदेश पाठवतात. बटण दाबले की चावीतला छोटा ट्रान्समीटर एक सांकेतिक क्रमांक पाठवतो. दर वेळी हा क्रमांक बदलतो, त्यामुळे कोणी तो टिपून ठेवला तरी पुन्हा वापरता येत नाही. हा संदेश पाठवण्यासाठी सेल लागतो.

गाडी सुरू करण्याची परवानगी देणारी चिप मात्र वेगळी असते. तिला इमोबिलायझरची चिप म्हणतात आणि तिला सेलची गरज नसते. चावी फिरवून सुरू होणाऱ्या गाडीत इग्निशनच्या कुलपाभोवती, तर बटणाच्या गाडीत स्टार्ट बटणाच्या आसपास तारेचे एक वेटोळे असते. त्या वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला पुरेशी वीज मिळते आणि ती आपला क्रमांक गाडीला कळवते. टोलनाक्यावर वापरल्या जाणाऱ्या फास्टॅगच्या स्टिकरलाही असाच सेल नसतो. समोरच्या यंत्राकडून मिळणाऱ्या ऊर्जेवर तो चालतो.

थोडक्यात, सेल दूरवरून बोलण्यासाठी असतो. चावी गाडीच्या अगदी जवळ नेली की सेलशिवायही ओळख पटते.

सेल उतरत आल्याची चिन्हे

सेल एकाएकी संपत नाही. काही आठवडे आधीपासून तो सूचना देत असतो.

- पूर्वी वीस पावलांवरून उघडणारी गाडी आता दाराजवळ गेल्यावरच उघडते.
- बटण दोन-तीन वेळा दाबावे लागते.
- चावीवरचा छोटा दिवा मंद लागतो किंवा लागतच नाही.
- डॅशबोर्डवर चावीचा सेल कमी झाल्याची सूचना येते. ही सोय सर्व गाड्यांत नसते.
- थंडीच्या पहाटे चावी चालत नाही आणि ऊन चढल्यावर चालते. थंडीत सेलचा अंतर्गत विरोध वाढतो, म्हणून उतरलेला सेल आधी गारठ्यात दगा देतो.

दोष सेलचाच आहे का, हे दोन साध्या गोष्टींवरून कळते. पहिली, घरात असलेली दुसरी चावी वापरून पाहावी. ती व्यवस्थित चालली तर पहिल्या चावीचा सेल उतरला आहे. दुसरी, गाडीच्या आतला दिवा, हॉर्न आणि हेडलाइट तपासावेत. तेही मंद किंवा बंद असतील तर दोष चावीत नसून बॉनेटखालच्या बारा व्होल्टच्या बॅटरीत आहे. तेव्हा चावीतला सेल बदलून उपयोग होत नाही.

टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून तपासण्याची युक्ती पुष्कळांना माहीत असते. ती इथे लागू पडत नाही. टीव्हीचा रिमोट अवरक्त प्रकाश वापरतो आणि तो कॅमेऱ्याला दिसू शकतो. रेडिओ लहरी दिसत नाहीत.

सेल वाटेत संपला तर

घाटात, रात्रीच्या वेळी किंवा पावसात सेल संपला तर पुढील दोन गोष्टी माहीत असणे महत्त्वाचे. घरी निवांत असताना त्या एकदा करून पाहिल्या तर ऐनवेळी शोधाशोध होत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे लपलेली चावी. बटणाच्या गाडीच्या बहुतेक रिमोटमध्ये धातूची साधी चावी बसवलेली असते. रिमोटच्या कडेला किंवा मागे एक छोटा खटका असतो. तो दाबून किंवा सरकवून ती चावी बाहेर ओढायची. चालकाच्या दाराच्या मुठीजवळ तिच्यासाठी छिद्र असते. काही गाड्यांत ते प्लॅस्टिकच्या टोपीआड झाकलेले असते आणि खालच्या खाचेत चावीचे टोक घालून टोपी अलगद उचलावी लागते. असे दार उघडल्यावर काही गाड्यांचा अलार्म वाजू लागतो. त्याने घाबरू नये. गाडीने चावी ओळखली की तो थांबतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रिमोट कुठे टेकवायचा. अनेक गाड्यांत ब्रेक दाबून, गिअर हाताने बदलावा लागत असेल तर क्लच दाबून, रिमोटच स्टार्ट बटणाला टेकवतात किंवा रिमोटच्याच टोकाने ते बटण दाबतात. काही गाड्यांत त्यासाठी गिअरजवळच्या कप्प्यात किंवा स्टिअरिंगच्या खांबावर विशिष्ट जागा ठरवलेली असते. आपल्या गाडीची जागा कोणती, हे गाडीसोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते.

पाते उघडणाऱ्या किंवा साध्या चावीच्या गाडीत अडचण आणखी कमी असते. कुलपात चावी फिरवून दार उघडायचे आणि नेहमीप्रमाणे गाडी सुरू करायची. सेल बदलेपर्यंत दार हाताने उघडावे-लावावे लागते, इतकेच.

सेल अशक्त झाला असताना एक काळजी घ्यावी. बटणाच्या गाड्या चावी आत राहिली असेल तर सहसा कुलूप लागू देत नाहीत, कारण त्या चावीचा संदेश ऐकत असतात. सेल संपल्यावर हा संदेश येत नाही. त्यामुळे दार लावण्यापूर्वी चावी हातात आहे याची खात्री करावी.

कोणता सेल घ्यावा?

सेलच्या सपाट बाजूवर त्याचा क्रमांक कोरलेला असतो. त्या क्रमांकातच सर्व माहिती असते. ‘सीआर २०३२’ हे उदाहरण घेतले तर ‘सी’ म्हणजे लिथियम व मँगनीज डायऑक्साइड ही रासायनिक जोडी, ‘आर’ म्हणजे गोल आकार, पुढचे २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि शेवटचे ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. चाव्यांत नेहमी आढळणारे सेल असे:

- सीआर २०३२: व्यास २० मिमी, जाडी ३.२ मिमी
- सीआर २०२५: व्यास २० मिमी, जाडी २.५ मिमी
- सीआर २०१६: व्यास २० मिमी, जाडी १.६ मिमी
- सीआर १६३२: व्यास १६ मिमी, जाडी ३.२ मिमी
- सीआर १६२०: व्यास १६ मिमी, जाडी २ मिमी
- सीआर २४५०: व्यास २४.५ मिमी, जाडी ५ मिमी

या सर्वांचा दाब ३ व्होल्ट असतो. फरक आकाराचा आणि साठ्याचा. सीआर २०३२ मध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास इतका साठा असतो, सीआर २०१६ मध्ये त्याच्या निम्म्याहून कमी. सीआर २०३२ हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. ह्युंदाई आणि कियाच्या बटणाने सुरू होणाऱ्या अनेक गाड्यांच्या चावीत तोच असतो. तरीही एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत वेगवेगळे सेल असू शकतात. म्हणून दुकानात जाताना जुना सेल सोबत न्यावा किंवा त्याचा क्रमांक लिहून घ्यावा.

जाडी थोडीफार कमी असली तर चालेल, असे समजू नये. सीआर २०३२ च्या जागी सीआर २०२५ बसतो खरा, पण ०.७ मिलिमीटरची फट राहते. चावी हातातून पडली किंवा खिशात हलली की संपर्क तुटतो. याच्या उलट एक फसवी जोडी आहे. काही जुन्या चाव्यांत सीआर २०१६ चे दोन सेल एकावर एक ठेवलेले असतात. त्या दोघांची मिळून जाडी ३.२ मिलिमीटर होते, म्हणजे अगदी एका सीआर २०३२ इतकी. तिथे एक सीआर २०३२ चपखल बसतो, पण ६ व्होल्टच्या जागी ३ व्होल्टच मिळतात आणि चावी चालत नाही. चावी उघडल्यावर सेल एक आहे की दोन, हे पाहून घ्यावे.

‘एलआयआर २०३२’ हा दिसायला तसाच असलेला सेल पुन्हा चार्ज करण्याचा असतो. पूर्ण चार्ज केल्यावर त्याचा दाब ४.२ व्होल्टपर्यंत जातो, म्हणून तो चावीत घालू नये. सीआर प्रकारचा सेल चार्ज करण्याचा प्रयत्नही करू नये.

हे सेल घड्याळाच्या, इलेक्ट्रिकल आणि मोबाइलच्या दुकानांत मिळतात. वजनकाटे आणि ग्लुकोमीटरमध्येही असे सेल लागत असल्याने काही औषधांच्या दुकानांतही ते असतात. नामांकित कंपनीचा, बंद पाकिटातला आणि मुदत उलटून न गेलेला सेल घ्यावा. डब्यात सुटे एकत्र ठेवलेले सेल एकमेकांना टेकून उतरलेले असू शकतात.

सेल बदलण्याची पद्धत

लागणारे साहित्य थोडे आहे: योग्य क्रमांकाचा सेल, चपट्या टोकाचा छोटा स्क्रू ड्रायव्हर किंवा एक नाणे, कोरडे सुती कापड आणि सेलोटेप. चावीला बारीक स्क्रू असेल तर त्याच्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. टेबलावर फिकट रंगाचे कापड अंथरून काम करावे. लहान भाग घरंगळत नाहीत आणि पडले तरी दिसतात.

१. धातूची आतली चावी बाहेर काढावी. अनेक रिमोटची उघडण्याची खाच तिच्याच जागेत असते.

२. दोन झाकणे जिथे जुळतात तिथली खाच शोधावी. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळावे, म्हणजे प्लॅस्टिकवर ओरखडा पडत नाही. टोक खाचेत घालून अलगद पिळावे. आत खोल खुपसू नये; आत सर्किट बोर्ड असतो. एका जागी जोर लावण्याऐवजी कडेने थोडे थोडे उघडत जावे.

३. झाकण उघडताच मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा. सेलची कोणती बाजू वर होती आणि रबराची पट्टी कशी बसली होती, हे नंतर आठवावे लागत नाही.

४. जुना सेल काढावा. तो पातळ पत्र्याच्या पट्ट्यांखाली अडकवलेला असतो. पट्टी न वाकवता नखाने किंवा प्लॅस्टिकच्या टोकाने सेल कडेने उचलावा. धातूचा चिमटा वापरू नये. त्याचे टोक सेलच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी टेकले तर सेल शॉर्ट होतो.

५. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना लगेच सेलोटेप लावून तो उंचावर, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. हे काम नंतरसाठी ठेवू नये.

६. नवा सेल कापडाने पुसून बसवावा. बोटांचा तेलकटपणा सेलवर राहू नये म्हणून तो कडेने धरावा. ज्या रुंद बाजूवर अधिकचे चिन्ह आणि क्रमांक असतो, ती धन बाजू. ती जुन्या सेलप्रमाणेच ठेवावी.

७. रबराची पट्टी खाचेत नीट बसली आहे ना, हे पाहून झाकण चारही बाजूंनी दाबावे. ‘टक’ असा आवाज येतो. ही पट्टी पावसाचे पाणी आणि घाम आत जाऊ देत नाही. ती निसटली तर पुढच्या पावसाळ्यात बोर्ड गंजतो.

८. गाडीजवळ जाऊन सर्व बटणे तपासावीत, नंतर दूर जाऊन पाहावे.

चावीतले सांकेतिक क्रमांक वीज नसतानाही टिकणाऱ्या स्मृतीत साठवलेले असतात. त्यामुळे सेल काढल्याने सहसा ते पुसले जात नाहीत आणि चावी पुन्हा ‘प्रोग्रॅम’ करण्याचा खर्च येत नाही. काही जुन्या गाड्यांत इग्निशन चालू करून चावीचे बटण दाबावे लागते. तशी गरज असल्यास माहितीपुस्तिकेत कृती दिलेली असते.

उघडणाऱ्या पात्याच्या काही चाव्यांत इमोबिलायझरची चिप सर्किट बोर्डवर नसून प्लॅस्टिकच्या आवरणात सुटी बसवलेली असते. ती तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी किंवा छोटा काळा तुकडा असते. चावी उघडताना ती पडून हरवली तर नव्या सेलने दार उघडेल, पण गाडी सुरू होणार नाही. जुने आवरण फेकून बाजारातले नवे आवरण बसवताना हीच चिप कचऱ्यात जाण्याची भीती असते. नवी चावी करून घेण्याचा खर्च मग काही हजारांत जातो.

नवा सेल घालूनही चावी चालत नसेल तर

- सेल उलटा बसला आहे का, हे फोटोशी ताडून पाहावे.
- नव्या सेलवर पाकिटातला पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा राहिला आहे का, ते पाहावे.
- मुलांनी सेल तोंडात घालू नये म्हणून काही कंपन्या त्यावर कडू थर देतात. काही उपकरणांत हा थर संपर्काच्या आड येतो. अशा वेळी थर नसलेला सेल घालून पाहावा.
- पत्र्याची पट्टी दबली असेल तर ती किंचित वर उचलावी.
- पट्टीवर हिरवट किंवा पांढरा थर असेल तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावे आणि पूर्ण सुकू द्यावे.
- एकच बटण चालत नसेल तर सेल ठीक आहे. त्या बटणाखालचा स्विच झिजला आहे.

मल्टिमीटर असेल तर नवा सेल ३ व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवतो. उतरलेला सेलही कधी कधी रिकामा मोजल्यावर बरा आकडा दाखवतो आणि संदेश पाठवण्याच्या क्षणी कोसळतो. म्हणून आकड्यापेक्षा चावीच्या वागण्यावर भरवसा ठेवावा.

चावी पाण्यात पडली किंवा कपड्यांसोबत धुतली गेली, तर बटणे दाबून पाहण्याआधी सेल काढून टाकावा. चावी उघडी ठेवून सावलीत पूर्ण वाळवावी आणि मगच नवा सेल घालावा.

लहान मुले आणि जुना सेल

चावी चालवण्याइतकी शक्ती न उरलेला सेलही मुलाच्या शरीराला गंभीर इजा करण्याइतकी शक्ती राखून असतो. २० मिलिमीटरचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकण्याच्याच मापाचा असतो. ओल्या त्वचेला टेकताच त्यातून विद्युतप्रवाह वाहू लागतो आणि त्याच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते. ही अल्कली ऊती जाळते. गंभीर इजा दोन तासांतही होऊ शकते. नाकात किंवा कानात घातलेला सेलही अशीच इजा करतो.

सेल गिळताना कोणी पाहिले नसेल तर लक्षणे साध्या आजारासारखी वाटतात: लाळ गळणे, खाणे नाकारणे, उलटी, खोकला, छातीत दुखणे. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता मुलाला लगेच एक्स-रे आणि एंडोस्कोपीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. उलटी करवू नये. केळे, भात किंवा पाणी देऊन सेल ‘खाली उतरवण्याचा’ प्रयत्न करू नये. सेलचे पाकीट सोबत न्यावे, म्हणजे डॉक्टरांना माप लगेच कळते.

अमेरिकेतील विषबाधा केंद्राच्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाहून मोठ्या मुलाने गेल्या बारा तासांत लिथियमचा सेल गिळला असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने सेल आणि ऊती यांच्यामध्ये थर तयार होतो व इजेचा वेग कमी होतो. मध शोधण्यात मात्र वेळ घालवू नये, आणि एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये.

चावी हे मुलांचे आवडते खेळणे असते. झाकण सैल झालेली किंवा तडा गेलेली चावी पडताच सेल बाहेर उडतो. असे आवरण बदलून घ्यावे आणि रडणाऱ्या मुलाच्या हाती चावी देण्याची सवय टाळावी.

वापरलेला सेल घरच्या कचऱ्यात टाकायचा नसतो. भारतात २२ ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असे छोटे सेलही संकलनाच्या कक्षेत येतात. पाकिटावरील फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह तेच सांगते. दोन्ही बाजूंना टेप लावलेला सेल ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा.

सेल किती काळ टिकतो?

साध्या रिमोटचा सेल बहुधा दोन ते चार वर्षे टिकतो. बटणाच्या गाडीची चावी गाडीची हाक सतत ऐकत असते, म्हणून तिचा सेल लवकर उतरतो. टोयोटाच्या माहितीपुस्तिका तो एक ते दोन वर्षांचा धरतात. ही चावी टीव्ही, संगणक, मोबाइल चार्जर किंवा इंडक्शन शेगडीला लागून ठेवू नये, अशीही सूचना त्यांत आहे. या उपकरणांच्या लहरींमुळे चावी विनाकारण जागी राहते आणि सेल झिजतो. गाडीला अगदी लागून असलेल्या भिंतीवर चावी टांगल्यानेही तेच होते.

न वापरलेली दुसरी चावी कपाटात असली तरी तिचा सेल उतरतच असतो. ऐनवेळी तीही बंद निघू नये म्हणून दोन्ही चाव्यांचे सेल एकाच दिवशी बदलणे सोयीचे. एक जास्तीचा सेल बंद पाकिटातच, मुलांपासून दूर ठेवला तर बरीच वर्षे चांगला राहतो. बदलल्याची तारीख माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवली की पुढची वेळ केव्हा, हा प्रश्न राहत नाही.